लेखी पास, प्रात्यक्षिक नापास : तलवारबाजीच्या पंच परीक्षेत नक्की काय तपासलं जातं?

एरवी या ब्लॉगवर मी थिन फिल्म, सेन्सर आणि आमच्या लॅबमधल्या यंत्रांच्या रुसव्याफुगव्यांबद्दल लिहिते. आज जरा वाट वाकडी करते आहे. मागच्या महिन्यात मी एका परीक्षेत नापास झाले. पीएचडीतल्या नाही, तलवारबाजीच्या पंच परीक्षेत. लेखी पेपर उत्तम गेला, प्रात्यक्षिकात दांडी उडाली.

कोल्हापुरात तलवार म्हटलं की लोकांना मर्दानी खेळ आठवतो. पट्टा, विटा, लाठी. तो माझाही आवडता, पण तो वेगळा खेळ. मी म्हणते ती ऑलिंपिकमधली तलवारबाजी : जाळीचा मुखवटा, पांढरा पोशाख, १४ मीटर लांबीची पिस्ट आणि टच झाला की पेटणारे दिवे. शाळेपासून मी फॉईल खेळायचे. गुडघ्याने साथ सोडली तेव्हा ठरवलं, खेळता येत नाही तर पंच होऊ.

तर प्रात्यक्षिकात झालं असं. दोन मुलींची फॉईलची लढत. डावीकडची मुलगी हात वाकवलेला ठेवून झपाझप पुढे येत होती. ती जवळ आली तशी उजवीकडचीने हात सरळ केला. दोघींचे दिवे लागले. मी टच उजवीकडचीला दिला. परीक्षक सर म्हणाले, "हल्ला डावीकडचीचा होता." मी म्हटलं, "सर, तिचा हात वाकलेला होता. नियमात तर…" सर हसले. "अगं, पुस्तक लेखीला. इथं खेळ बघायचा."

इथवर गोष्ट चारचौघांसारखीच आहे. नापास झालेला प्रत्येक जण परीक्षकाला नावं ठेवतो. मला खरी टोचणी लागली ती पुढच्या प्रसंगाने. थोड्या वेळाने दुसऱ्या एका मुलीने मला विचारलं, "मॅडम, माझा टच का नाही धरला?" आणि मी म्हणाले, "मला तसं दिसलं." बस, एवढंच. या उत्तराबद्दल माझा एकही गुण कापला गेला नाही. माझ्या मते नापास करायचं होतं तर याबद्दल करायला हवं होतं.

आजचा लेख या दोन प्रसंगांमधल्या फरकाबद्दल आहे.

यंत्र काय ठरवतं आणि माणूस काय

आधी थोडं विज्ञान. तलवारबाजीत दिवे लागतात, मग पंच हवा कशाला, असं मला खूप जण विचारतात.

शस्त्रं तीन : फॉईल, एपे आणि सेबर. फॉईलच्या टोकाला कमानीचं बटण असतं आणि ते दाबलं जायला किमान ५०० ग्रॅम वजनाइतका जोर लागतो. एपेला ७५० ग्रॅम. पहिला टच नोंदल्यानंतर यंत्र ठरावीक काळ दुसऱ्या टचची वाट बघतं आणि मग दार बंद करतं. एपेमध्ये ही वेळ ४० ते ५० मिलिसेकंद, सेबरमध्ये साधारण १७० आणि फॉईलमध्ये साधारण ३००. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. दोन ठिणग्यांपैकी आधी कुठली पडली, हे ओळखायला प्रयोगशाळेतल्या शांत वातावरणातही माणसाला त्यांच्यात सुमारे २० मिलिसेकंदांचं अंतर लागतं. पळत्या खेळाडूंच्या हातातल्या लवलवत्या पात्यांबाबत ते याहून कितीतरी अवघड असणार. म्हणून एपेचा हिशोब यंत्राकडे दिला, ते योग्यच झालं. एपेमध्ये आधी लागला त्याचा गुण, आणि त्या मुदतीत दोघांचे लागले तर दोघांना गुण.

पण फॉईल आणि सेबरचं तसं नाही. तिथे दोन्ही दिवे लागले तर गुण एकालाच, आणि तो कुणाला हे ठरतं 'प्राधान्या'वर. ज्याने आधी हल्ला सुरू केला, प्राधान्य त्याचं. समोरच्याने तो पात्याने अडवला तर प्राधान्य त्याच्याकडे जातं आणि त्याचा उलटवार मोजला जातो. न अडवता नुसता हात पुढे केला आणि दोघांनाही लागलं, तर मूळ हल्ल्याचा गुण. फ्रेंच भाषेत या सगळ्या देवाणघेवाणीला जे नाव आहे त्याचा शब्दशः अर्थ होतो 'शस्त्रांचं वाक्यखंड'. पंचाचं काम त्या वाक्यातला कर्ता शोधण्याचं. आणि कर्ता कोण हे दिवा सांगू शकत नाही. दिवा फक्त एवढंच सांगतो की क्रियापद घडलं.

भवानी देवी टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरली, ऑलिंपिकला गेलेली पहिली भारतीय तलवारबाज, ती सेबरची. पहिली लढत तिने १५–३ अशी जिंकली, दुसरी ७–१५ अशी हरली. ज्यांनी ते सामने टीव्हीवर पाहिले त्यांना आठवत असेल : दोन्हीकडचे दिवे लागायचे, एकाच वेळी दोघी ओरडायच्या आणि मग दोघी पंचाकडे बघायच्या. त्या बघण्यात सगळा खेळ आहे.

पाच पंच आणि दीड मत

आता नियमांच्या पुस्तकाबद्दल. टीका करण्याआधी त्यातलं मला जे मनापासून आवडतं ते सांगते.

दिवे येण्याआधी टच झाला की नाही हेही माणसंच ठरवायची. एक अध्यक्ष आणि चार निरीक्षक, दोन-दोन जण एकेका खेळाडूच्या अंगावर नजर ठेवून. म्हणजे एकूण पाच. आपल्याकडे 'पंच' शब्दातच पाच आहेत आणि 'पाचामुखी परमेश्वर' ही म्हण तर सगळ्यांना पाठ आहे. युरोपातल्या या खेळानेही नेमके पाचच निवडावेत याची मला गंमत वाटते.

त्यांची मतमोजणी मात्र आपल्या पंचायतीपेक्षा वेगळी होती. प्रत्येक निरीक्षकाला एक मत आणि अध्यक्षाला दीड. दोन्ही निरीक्षक एकमताने बोलले तर दोन विरुद्ध दीड, अध्यक्ष हरला. एकजण ठाम आणि दुसरा गप्प असेल तर एक विरुद्ध दीड, अध्यक्ष जिंकला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, निरीक्षकाला 'हो' आणि 'नाही' याखेरीज 'मी सांगू शकत नाही' असं म्हणायचा अधिकार होता. त्यात कमीपणा नव्हता. तो एक अधिकृत, मोजला जाणारा पर्याय होता.

विजेची यंत्रं आली तसे निरीक्षक गेले. ऑलिंपिकमध्ये एपे १९३६ साली, फॉईल १९५६ साली आणि सेबर थेट १९९२ साली यंत्रावर गेलं. पाचातला एक उरला. पण जुन्या व्यवस्थेतल्या दोन चांगल्या गोष्टी नियमांमध्ये अजून आहेत.

पहिली : खेळ थांबवल्यावर पंचाने नुसता गुण द्यायचा नाही. घडलेलं वाक्य ठरलेल्या हातवाऱ्यांनी मांडून दाखवायचं. हल्ला इकडून, अडवला तिकडून, उलटवार, टच. मगच गुण. आणि खेळाडू सभ्यपणे खुलासा विचारू शकतो.

दुसरी : दोन्ही दिवे लागले आणि प्राधान्य कुणाचं हे पंचाला स्पष्ट ठरवता आलं नाही, तर कुणालाच गुण द्यायचा नाही. दोघांना पुन्हा सज्ज उभं करायचं. म्हणजे 'मला कळलं नाही' हा निकाल देता येतो, नव्हे, तोच द्यावा असं नियम सांगतो.

मी ज्या क्षेत्रात काम करते तिथे आकड्याशेजारी त्रुटीची मर्यादा लिहिली नाही तर गाईड वही परत फेकतात. 'सेन्सरचा प्रतिसाद ४०' असं लिहून चालत नाही, '४० अधिक-उणे ३' असं लिहावं लागतं. अधिक-उणे लिहायची सोय असलेला खेळाचा नियम मला तरी दुसरा आठवत नाही.

मग घोडं अडलं कुठे?

अडलं परीक्षेत. आंतरराष्ट्रीय महासंघाचा परवाना हवा तर आपल्या राष्ट्रीय संघटनेमार्फत जावं लागतं, प्रत्येक शस्त्राची वेगळी पात्रता मिळवावी लागते आणि परीक्षेचे दोन भाग असतात : नियमांचं ज्ञान आणि प्रत्यक्ष पंचगिरी. खालच्या पातळीवरच्या परीक्षांचा साचा साधारण हाच. कागदावर सुरेख दिसतो. पण हे दोन भाग दोन वेगळ्या खेळांची परीक्षा घेतात, असा माझा आरोप आहे.

फॉईलचे नियम सांगतात : हल्ला म्हणजे हात लांब करत, समोरच्याच्या लक्ष्याला सतत धाक दाखवत केलेली पहिली आक्रमक हालचाल. वाकवलेल्या हाताने टाकलेली पावलं म्हणजे हल्ला नव्हे, ती तयारी, आणि त्या तयारीवर समोरचा हल्ला चढवू शकतो. लेखी पेपरात मी हेच लिहिलं आणि पूर्ण गुण मिळवले.

प्रत्यक्षात गेली कित्येक वर्षं मोठ्या स्पर्धांमधला प्रघात असा की जो पुढे दामटतो आहे त्याला हल्लेखोर धरायचं, हात जरा मागे असला तरी. मागे सरकणाऱ्याने हात सरळ केला तर तो प्रतिहल्ला. हा प्रघात वाईटच आहे असं मी म्हणत नाही. भाषा बोलीतून बदलते आणि व्याकरण मागून येतं, तसंच हे. पण मग व्याकरणाचं पुस्तक बदला, नाहीतर बोलीची परीक्षा घेताना ती बोली कुठेतरी लिहून तरी ठेवा. आज ती फक्त ज्येष्ठ पंचांच्या डोळ्यांत आहे. ज्याला मोठ्या स्पर्धा बघायला परवडतं, ज्याचा क्लब मोठ्या शहरात आहे, त्याला ती सहज उमगते. कोल्हापूर, सांगली, कोकणातल्या पोराने ती कुठून शिकायची?

प्रात्यक्षिकात आपण परीक्षकाशी किती वेळा सहमत झालो, हेच मोजलं जातं. संशोधनाच्या भाषेत याला दोन मोजणाऱ्यांमधली सहमती म्हणतात. सहमती हवीच, दोन पिस्टवर दोन वेगळे कायदे चालले तर खेळच संपला. पण सहमती म्हणजे अचूकता नव्हे. आमच्या लॅबमधले दोन काटे एकाच दुकानातून आणलेले आणि दोन्ही सारखेच चुकत असतील, तर ते एकमेकांशी शंभर टक्के सहमत असतात.

डोळ्यांची परीक्षा कोण घेणार?

आता संशोधन काय म्हणतं ते बघू. पंचांचे डोळे कसे फसतात यावर बरंच काम झालं आहे. मला तीन अभ्यास महत्त्वाचे वाटतात.

पहिला २००२ सालचा, नेव्हिल आणि सहकाऱ्यांचा. फुटबॉलच्या ४० पंचांना एकाच सामन्यातल्या ४७ झटापटी दाखवल्या, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह आणि काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी घरच्या संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाऊल दिले. चित्र तेच, फक्त आवाज वेगळा. खासबागेत कधी बसला असाल तर हे समजावून सांगायची गरज नाही.

दुसरा २०१० सालचा, क्रॅन्जेक आणि सहकाऱ्यांचा. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या फुटबॉल संघांतल्या १२ खेळाडूंना झटापटींची स्थिरचित्रं दाखवून फाऊल आहे का विचारलं. ही सगळी डावीकडून उजवीकडे वाचणारी मंडळी. चित्रातली हालचाल उजवीकडून डावीकडे असेल तेव्हा त्यांनी फाऊल जास्त वेळा दिला. वाचायच्या सवयीविरुद्धची हालचाल डोळ्याला खटकते, असं त्याचं स्पष्टीकरण. बाराच माणसांवरचा अभ्यास आहे, म्हणून त्यावर घर बांधू नका. पण तलवारबाजीच्या पंचाने तो वाचायलाच हवा. कारण आमच्या खेळात एक खेळाडू कायम डावीकडून उजवीकडे येतो, दुसरा उजवीकडून डावीकडे, आणि आपणही मराठी डावीकडूनच वाचतो. त्यात नियम असा की उजवा विरुद्ध डावखुरा अशी लढत असेल तर डावखुरा पंचाच्या डाव्या हाताला उभा राहतो, म्हणजे दोघांचीही छाती पंचाला नीट दिसते. म्हणजे असा कल खरंच असला तर अशा लढतींत तो आपोआप समसमान वाटला जाणार नाही. दर वेळी एकाच बाजूला झुकेल. तलवारबाजीत तो आहे असं मी म्हणत नाही. तपासणं सोपं आहे, एवढंच म्हणते.

तिसरा २०१६ सालचा, करुसो आणि सहकाऱ्यांचा. तोच प्रसंग संथ गतीत दाखवला की बघणाऱ्याला कृती जास्त हेतुपुरस्सर वाटते. मोठ्या स्पर्धांमध्ये आता पंचाला व्हिडिओ बघता येतो आणि खेळाडूला ठरावीक वेळा तशी मागणी करता येते. चांगली सोय आहे. पण प्राधान्याचा निर्णय हा लयीचा निर्णय आहे आणि संथ गतीत पहिली मरते ती लय. सर्वसाधारण वेगात एक झेप दिसते, संथ गतीत तीच तीन वेगळ्या हालचालींसारखी दिसते. व्हिडिओ बघायचा तर आधी मूळ वेगात, हे प्रशिक्षणात ठासून सांगायला हवं.

या तिन्हींपैकी एकही गोष्ट माझ्या परीक्षेत तपासली गेली नाही. मग मी घरी स्वतःवरच एक उद्योग केला. जुन्या लढतींचे तुकडे घेतले, निर्णय वहीत लिहिले. पंधरा दिवसांनी तेच तुकडे आरशासारखे डावे-उजवे उलटवून पुन्हा बघितले. मोबाइलवर दोन मिनिटांत होतं हे. काही निर्णय बदलले. आकडा मुद्दाम देत नाही. एका माणसाने स्वतःवर केलेल्या चाचणीचा आकडा म्हणजे संशोधन नव्हे. पण जिथे निर्णय बदलला, तिथे जवळपास प्रत्येक वेळी पहिल्यांदाही मी मनात चाचरले होते, आणि तरीही ठाम हात वर केला होता. 'सांगता येत नाही' म्हणायची मुभा पुस्तकाने दिली होती, मी ती घेतली नाही. कारण उघड आहे. चाचरणारा पंच कच्चा समजला जातो आणि परीक्षेत तर नक्कीच.

लाल मातीतला धडा

हा प्रश्न फक्त पांढऱ्या पोशाखातल्या खेळाचा नाही. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यातल्या महाराष्ट्र केसरीत आपल्या गंगावेश तालमीचा सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांची कुस्ती झाली. टांगेच्या एका डावाला चार गुण दिले आणि त्यावरून महिनाभर गावोगावच्या कट्ट्यांवर व्हिडिओ थांबवून थांबवून चर्चा झाली. पंचांना फोनवर धमकी गेली आणि प्रकरण पोलिसांपर्यंत पोहोचलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला तर एका नामवंत मल्लाने निर्णयावर चिडून पंचांना लाथ मारली आणि ३ वर्षांची बंदी ओढवून घेतली.

धमकीचं आणि लाथेचं समर्थन होऊच शकत नाही. तो डाव चार गुणांचा होता की नव्हता यातही मी पडत नाही. मी कुस्तीची पंच नाही आणि कोल्हापुरात राहून त्यावर मत देण्याइतकी शूरही नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. कुस्तीत मॅटवर एक पंच, बाजूला निरीक्षक आणि मॅटचा प्रमुख अशी तिघांची व्यवस्था असते, हरकत घ्यायचीही सोय असते. म्हणजे यंत्रणा कमी नाही. पण बोटं वर होतात, गुण फलकावर चढतात आणि कारण तिघांच्यातच राहतं. हजारो माणसांना आकडा दिसतो, वाक्य ऐकू येत नाही. कारण कळलं म्हणून राग जातोच असं नाही, पण कारण नसलं की प्रत्येक जण आपल्या मनातलं कारण भरतो. आणि ते कारण सहसा 'पंच विकला' हेच असतं.

तलवारबाजीच्या पुस्तकाने यावरचा उपाय लिहून ठेवलेला आहे. आपण त्याची परीक्षा घेत नाही, ही माझी तक्रार.

मग काय करावं?

माझ्या मागण्या फार नाहीत आणि त्यांना पैसाही लागत नाही.

एक, प्रात्यक्षिकात निर्णयाइतकेच गुण खुलाशाला द्या. निर्णय परीक्षकाशी जुळला पण वाक्य सांगता आलं नाही तर अर्धेच गुण. निर्णय वेगळा पण वाक्य नियमाला धरून सुसंगत असेल तर शून्य देऊ नका.

दोन, काही तुकडे पुन्हा दाखवा, त्यातले काही उलटवून. उमेदवार परीक्षकाशी सहमत आहे का हे बघताच, तो स्वतःशी सहमत आहे का तेही बघा.

तीन, मुद्दाम असे तुकडे ठेवा ज्यांवर ज्येष्ठ पंचांचंही एकमत नाही. तिथे बरोबर उत्तर एकच : पुन्हा सज्ज उभे राहा.

चार, आजचा प्रघात काय आहे ते मराठीत, उदाहरणांसह लिहून काढा. जिल्ह्यातल्या पोरांना 'मोठ्या स्पर्धा बघ म्हणजे कळेल' हे सांगणं म्हणजे मोठ्या शहरात जन्म घे म्हणण्यासारखं आहे.

आता परीक्षक सरांबद्दल. तुम्हाला वाटत असेल मी त्यांच्यावर रागावले आहे. पहिले दोन दिवस होते. मग लक्षात आलं, त्यांनी जे सांगितलं ते खोटं नव्हतं. 'इथं खेळ बघायचा' हे खरंच आहे. त्या दोन मुली ज्या प्रघातात वाढल्या, त्यात डावीकडची स्वतःला हल्लेखोर समजूनच पुढे येत होती. मी पुस्तकाच्या नावाखाली तिच्यावर दुसऱ्याच खेळाचा कायदा लावला. पण तो कायदा पुस्तकात अजून तसाच आहे, हेही तितकंच खरं. दोन्हींच्या मध्ये ती मुलगी अडकली, मी नव्हे. मी काय, पुन्हा परीक्षेला बसेन.

बसणार आहेच. तयारी सुरू आहे. दर रविवारी सकाळी क्लबमध्ये पोरांच्या सरावाला पंच म्हणून उभी राहते आणि प्रत्येक टचला मोठ्याने अख्खं वाक्य म्हणते. सुरुवातीला पोरं हसायची. आता एखाद्या वेळी मी नुसताच हात वर केला तर लगेच आवाज येतो, "मॅडम, वाक्य!"

गेल्या रविवारी एका टचला दोन्ही दिवे लागले. मी दोन सेकंद थांबले आणि म्हणाले, "मला कळलं नाही. सज्ज." दोघांपैकी एकाचंही तोंड वाकडं झालं नाही. मुखवटे खाली ओढले आणि पुन्हा उभे राहिले.